परतीची वाट अमरावतीपाशीच का थांबते?

गेल्या काही वर्षांत वऱ्हाडातील नोकरदार कुटुंबांच्या बोलण्यात एक नवा प्रश्न आला आहे. पुण्यास किंवा मुंबईस स्थिरावलेल्या मुलाने वा मुलीने आता अमरावतीस अथवा अकोल्यास परतावे काय, असा तो प्रश्न. एका पिढीपूर्वी तो कोणाच्या मनात आला नसता. मुलगा पुण्यास नोकरीला लागला ही पेढे वाटण्याची बातमी होती आणि तो परत आला ही शेजाऱ्यांनी हळू आवाजात बोलण्याची. २०२० च्या टाळेबंदीने या समजुतीला पहिला धक्का दिला. महानगरांतील शेकडो तरुण घरी परतले, आईवडिलांच्या घरातील एका खोलीत संगणक मांडून त्यांनी कंपनीचे काम केले आणि काम काही अडले नाही. पुढे कंपन्यांनी अनेकांना परत बोलावले. ते गेलेही. परंतु जाताना एक शंका मनात घेऊन गेले. जे काम राजकमल चौकापासून हाकेच्या अंतरावर बसून होते, त्यासाठी सुमारे सहाशे किलोमीटर दूर, उत्पन्नाचा मोठा भाग घरभाड्यात घालून का राहावे?

या शंकेला सामान्यतः दोन उत्तरे दिली जातात. पहिले उत्तर जिव्हाळ्याचे असते. आपली माती, आपली माणसे, अंबादेवीचे दर्शन, संध्याकाळी वडाळीच्या तलावाकडे फेरी, असा त्याचा थाट असतो. दुसरे उत्तर तुच्छतेचे असते आणि ते एका वाक्यात संपते: तेथे आहेच काय? ज्या कुटुंबाला पुढच्या जूनपूर्वी मुलांच्या शाळेचा, आईच्या औषधोपचाराचा आणि घराच्या हप्त्यांचा निर्णय घ्यावयाचा आहे, त्याला या दोन्ही उत्तरांचा उपयोग नाही. त्याला हवा आहे तो जमाखर्च. तो शांतपणे मांडण्याचा येथे प्रयत्न आहे. तो मांडताना अमरावतीहून सुमारे सोळा किलोमीटरवरील भातकुलीकडे वारंवार पाहावे लागेल, कारण लहान शहराचा खरा हिशेब त्याहून लहान गावाच्या वहीत लिहिलेला असतो.

शहरांचा आकार ललाटी लिहिलेला नसतो

आधी एक ऐतिहासिक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. कोणतेही शहर जन्मतः लहान वा मोठे नसते. वऱ्हाडची जुनी राजधानी अचलपूर, म्हणजे त्या काळचे एलिचपूर. अमरावती ही त्यामानाने परकोटाच्या आतील एक व्यापारी पेठ. एकोणिसाव्या शतकाच्या साठीत अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला अकस्मात सोन्याचे दिवस आले. त्याच दशकात मुंबईहून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग बडनेऱ्यावरून गेला. अमरावती त्या मार्गाला जोडली गेली, अचलपूर बाजूला राहिले. १९०५ साली तर एलिचपूरचा स्वतंत्र जिल्हाही उरला नाही. तो अमरावती जिल्ह्यात विलीन करण्यात आला. राजधानीचे तालुक्याचे गाव झाले आणि पेठेचे जिल्ह्याचे शहर.

त्या काळी अमरावतीत राहणे म्हणजे मागे पडणे, असे कोणी मानीत नव्हते. १८९७ साली काँग्रेसचे तेरावे अधिवेशन याच शहरात शंकरन नायर यांच्या अध्यक्षतेखाली भरले. रंगनाथ नरसिंह मुधोळकर अमरावतीस वकिली करीत होते आणि १९१२ च्या बांकीपूर अधिवेशनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे गेले. दादासाहेब खापर्डे यांच्यासारख्यांनाही राष्ट्रीय राजकारणात वावरण्यासाठी मुंबईस बिऱ्हाड हलवावे लागले नाही. सांगण्याचा हेतू गतवैभवाची आठवण काढण्याचा नाही. शहराचा मोठेपणा तेथील कामाच्या मागे जातो, काम हलले की मोठेपणही हलते, एवढेच यातून घ्यावयाचे. कापसाचा पैसा जिनिंग-प्रेसिंगच्या आवारातून निघून मुंबईच्या गिरण्यांकडे आणि पेढ्यांकडे गेला, त्याच्या मागोमाग वऱ्हाडची मुलेही गेली.

पुढे शासनाने काही कामे इकडे आणली तेव्हा शहर पुन्हा वाढले, हेही तितकेच खरे. १९८१ साली अमरावती हा स्वतंत्र महसूल विभाग झाला. १९८३ मध्ये १ मे रोजी विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टला महानगरपालिका आली. २००१ च्या जनगणनेत अमरावती शहराची लोकसंख्या ५,४९,५१० होती, ती २०११ मध्ये ६,४७,०५७ झाली. म्हणजे दहा वर्षांत सुमारे १८ टक्के वाढ. याच दशकात अकोला शहर ४,००,५२० वरून ४,२५,८१७ वर, म्हणजे जेमतेम ६ टक्क्यांनी वाढले, तर सबंध राज्याची वाढ १६ टक्के होती. शेजारची दोन शहरे, एकच बोली, एकच पीक, पण वाढीचा वेग तिप्पट भिन्न. तेव्हा ‘लहान शहर’ हा शब्द सरसकट वापरणे धोक्याचे आहे. कोणत्या लहान शहरात परतावयाचे, हा पहिला प्रश्न होय.

जमेची बाजू

जमेच्या बाजूस सर्वांत वर घरभाडे येते. याचा पुरावा बाहेर शोधण्याची गरज नाही. वेतन आयोगाच्या कोष्टकातच तो आहे. सातव्या आयोगाच्या सूत्रानुसार केंद्र शासनाने शहरांचे तीन वर्ग केले. पन्नास लाखांवरील वस्तीची शहरे पहिल्या वर्गात, पाच लाखांवरील दुसऱ्या वर्गात आणि उरलेला सारा देश तिसऱ्या वर्गात. महागाई भत्ता पन्नास टक्क्यांवर गेल्यानंतर या वर्गांना मूळ वेतनाच्या अनुक्रमे ३०, २० व १० टक्के घरभाडे भत्ता ठरला. मुंबई व पुणे पहिल्या वर्गात, अमरावती दुसऱ्या, अकोला तिसऱ्या. समजा, एखाद्याचे मूळ वेतन ५० हजार रुपये आहे. त्याला पुण्यात भत्ता मिळेल १५ हजार, अमरावतीस १० हजार आणि अकोल्यास ५ हजार. पुण्याच्या पंधरा हजारांत बऱ्या वस्तीत चौघांच्या कुटुंबाला पुरेसे घर मिळणे दुरापास्त, अमरावतीच्या दहा हजारांत ते मिळू शकते. म्हणजे भत्ता कमी होऊनही संसार सुखाचा होतो. शासकीय सेवकाची वेतनश्रेणी गावागणिक बदलत नाही, म्हणून लहान शहराचा सर्वांत निर्विवाद लाभ त्यालाच होतो.

दुसरी जमा वेळेची. महानगरात नोकरी आठ तासांची आणि तिच्याकडे जाण्या-येण्याची यातायात दोन-तीन तासांची. अमरावतीत साईनगराहून विद्यापीठापर्यंत जाणे म्हणजे शहर जवळपास आरपार ओलांडणे, तरी तेवढ्यासाठी कोणी डबा घेऊन पहाटे निघत नाही. वाचलेल्या वेळात माणूस मुलाचा अभ्यास घेऊ शकतो, वडिलांना दवाखान्यात नेऊ शकतो किंवा नुसता ओट्यावर बसू शकतो. अशा वेळेला पगारपत्रकात रकाना नसतो, म्हणून तो हिशेबात धरला जात नाही.

तिसरी जमा वृद्ध आईवडिलांची. वऱ्हाडातील मध्यमवर्गीय वस्त्यांतून आज अशी अनेक घरे दिसतील की, वरचा मजला मुलासाठी बांधला, त्यास कुलूप आहे आणि खाली सत्तरी ओलांडलेले दोन जीव राहतात. मुलगा दरमहा पैसे पाठवितो, रोज दूरध्वनीवरून दिसतो, बोलतो. परंतु रात्री दोन वाजता छातीत दुखू लागले, तर दार ठोठावावे लागते ते शेजाऱ्याचेच. या अनुपस्थितीची किंमत दोन्हीकडची माणसे मोजतात आणि एकमेकांना ती सांगत नाहीत.

दळणवळणाची जुनी तक्रारही आता पूर्वीइतकी खरी राहिलेली नाही. समृद्धी महामार्ग अमरावती जिल्ह्याच्या दक्षिण भागातून जातो. त्याचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये आणि अखेरचा जून २०२५ मध्ये खुला झाला. १६ एप्रिल २०२५ रोजी बेलोरा विमानतळावरून मुंबईची प्रवासी विमानसेवा सुरू झाली. अमरावतीस शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ साली आले. नांदगावपेठ येथे एक हजार एकरांवरील वस्त्रोद्योग उद्यानाची पायाभरणी २० सप्टेंबर २०२४ रोजी झाली. पायाभरणीच्या शिळेला सूत कातता येत नाही हे खरे. तथापि, ज्या जिल्ह्याने दीडशे वर्षे कापूस पिकवून बाहेर धाडला, तेथे कापड विणण्याचा विचार होऊ लागला, ही नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे.

खर्चाची बाजू

आता दुसरे पान उघडू. महानगर आपल्याला नेमके काय देते, याचा विचार केला तर ‘जास्त पगार’ हे उत्तर अपुरे ठरते. महानगराची खरी देणगी म्हणजे दुसरी नोकरी. पहिली सुटली तर त्याच शहरात, बहुधा त्याच रस्त्यावर, तशीच दुसरी मिळण्याचा संभव असतो. अमरावतीत एखाद्या अभियंत्याला चांगली नोकरी मिळेलही, परंतु मालकाशी पटले नाही, कंपनी बुडाली किंवा कामच नकोसे झाले तर पुढे काय? त्या शहरात त्या कामाची तेवढी एकच जागा असेल, तर त्याला बिऱ्हाड उचलावे लागेल अथवा मान खाली घालून राहावे लागेल. लहान शहर स्वस्त असते याचे एक कारण हेच आहे की, तेथे पर्यायांची गर्दी नसते. स्वस्ताई आणि पर्यायांची टंचाई ही एकाच नाण्याची दोन अंगे होत.

हाच मुद्दा पती-पत्नी दोघेही नोकरी करीत असतील तर दुप्पट तीव्र होतो. आजवर परतीचे जे निर्णय झाले, त्यांत पतीचे काम प्रथम पाहिले गेले आणि पत्नीचे ‘तेथे काहीतरी बघू’ या शब्दांवर सोपविले गेले. ते ‘काहीतरी’ पुष्कळदा खासगी शाळेतील तुटपुंज्या मानधनाचे काम असते किंवा काहीच नसते. दहा वर्षे पुण्यात स्वतंत्र वेतन मिळविलेल्या स्त्रीला वर्षभरात सासरच्या स्वयंपाकघरात आणून बसविणारा जमाखर्च कितीही नफ्याचा दिसला, तरी तो खोटा आहे. या निर्णयात तिचे मत पहिले असावे. तेथे अखेरची संमती तेवढी मागितली जाते.

तिसरा खर्च प्रकृतीचा. साध्या आजारासाठी अमरावती-अकोल्यात उत्तम डॉक्टर आहेत. दुखणे गुंतागुंतीचे निघाले की, चिठ्ठी मात्र नागपूरची मिळते आणि तो रस्ता सुमारे दीडशे किलोमीटरांचा आहे. चौथा खर्च हवापाण्याचा. वऱ्हाडचा उन्हाळा हा केवळ गैरसोयीचा विषय राहिलेला नाही. २०२४ च्या मे महिन्यात उष्म्यामुळे अकोला जिल्ह्यात जमावबंदीचा आदेश लागू करावा लागला. अमरावती शहर मोर्शीजवळच्या सिंभोरा येथील ऊर्ध्व वर्धा धरणावर तर अकोला महानच्या काटेपूर्णा धरणावर विसंबून आहे. धरणात पाणी असूनही घरच्या नळाला ते रोज येईलच, अशी खात्री नसलेल्या वस्त्या दोन्ही शहरांत आहेत. पुण्याच्या हवेला नावे ठेवून परतणाऱ्याने वऱ्हाडचा मे महिना आणि मे महिन्यातील नळ, दोहोंची आठवण ठेवावी.

पाचवा खर्च असा आहे की, त्याविषयी उघड बोलले जात नाही. महानगरात माणसाला नाव नसते आणि त्या निनावीपणात मोठे स्वातंत्र्य असते. घर भाड्याने देताना आडनाव तेथेही विचारले जाते, नाही असे नाही. परंतु लहान शहरात आडनावावरून गाव, गावावरून जात आणि जातीवरून पायरी ठरविण्यास पाच मिनिटे पुरतात. आंतरजातीय विवाह केलेले जोडपे, एकटी राहणारी स्त्री, वडिलांच्या व्यवसायाहून वेगळे काही करू पाहणारा मुलगा यांना ‘आपली माणसे’ या शब्दाचा दुसरा अर्थ ठाऊक असतो. त्यांनी महानगर सोडू नये असे ठरविले, तर त्यांना मातीची आठवण करून देण्याचा अधिकार कोणालाही नाही.

कोणी यावे, कोणी थांबावे

या दोन्ही पानांची बेरीज सर्वांना सारखी येणार नाही हे उघड आहे. ज्याचे उत्पन्न गावाबरोबर बदलत नाही, तो शासकीय सेवक, निवृत्तिवेतनधारक, घरी बसून दूरच्या कंपनीचे काम करण्याची लेखी हमी मिळालेला कर्मचारी, यांनी परतण्यात आर्थिकदृष्ट्या लाभ आहे. ज्याचा व्यवसाय माणसे ओळखण्यावर चालतो, त्या डॉक्टर, वकील, शिक्षक, लेखापाल यांनाही लहान शहर लवकर सामावून घेते. पाचव्या वर्षी त्याला जी ओळख येथे मिळेल, ती महानगरात पंधराव्या वर्षीही मिळेलच असे नाही.

याउलट, ज्याचे शिक्षण नुकतेच संपले आहे आणि ज्याला काम शिकावयाचे आहे, त्याने जेथे काम आहे तेथे जावे. तेवीस वर्षांच्या मुलाला घराजवळ ठेवून घेणे ही माया असली, तरी हित नव्हे. मात्र स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात वर्षामागून वर्षे काढणाऱ्या विद्यार्थ्यांनी आपला हिशेब पुन्हा तपासावा. पुस्तके तीच आहेत, अभ्यासक्रम तोच आहे आणि अमरावतीस शासनाचे भारतीय प्रशासकीय सेवा पूर्वप्रशिक्षण केंद्रही आहे. वडिलांनी कापूस विकून पाठविलेल्या पैशातून केवळ वातावरणासाठी खोलीचे भाडे भरावयाचे असेल, तर त्या वातावरणाची मुदत आधी ठरवून घ्यावी. पहिल्या प्रयत्नाला ते उपयोगी पडेल, पाचव्या प्रयत्नाला ते व्यसन होते.

भातकुलीने विचारलेला प्रश्न

येथवरचा विचार पुणे आणि अमरावती यांच्यापुरता झाला. परंतु पुण्याच्या नजरेतून जशी अमरावती लहान, तशी अमरावतीच्या नजरेतून भातकुली लहान. जी कारणे पुणे सोडण्यासाठी दिली जातात, म्हणजे स्वस्त भाडे, मोकळी हवा, कामाच्या जागेची जवळीक, ती सर्व अमरावती सोडून भातकुलीस राहावयास जाण्यासाठीही लागू पडतात. मग भातकुलीत नोकरी असलेले शिक्षक, लिपिक, तलाठी, ग्रामसेवक तेथे बिऱ्हाड का करीत नाहीत? सकाळी अमरावतीहून दुचाकीवर अथवा एस.टी.ने जावे, सायंकाळी परतावे, हा क्रम वर्षानुवर्षे चालू आहे. त्याला ‘अप-डाउन’ असे नावही पडून गेले आहे.

हा केवळ व्यक्तींचा क्रम नाही. तालुका भातकुलीचा, परंतु त्याचे तहसील कार्यालय दीर्घकाळ अमरावती शहरातच होते. ते तालुक्याच्या गावी न्यावे की शहरात राहू द्यावे, यावरून गेल्या दशकात उघड संघर्ष झाला. एका बाजूचे म्हणणे असे की, तालुक्याच्या गावी तहसील नसेल तर तो तालुका कसला? दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की, कित्येक खेड्यांना अमरावतीच सोयीची, भातकुलीस जाण्यासाठीही त्यांना आधी अमरावती गाठावी लागते. दोन्ही म्हणण्यांत तथ्य होते. पण वादाच्या मुळाशी असलेली गोष्ट दोन्ही पक्षांनी बोलून दाखविली नाही. आपल्याकडे प्रत्येक जण ज्या गावी राबतो, त्याच्या एक पायरी वरच्या गावी निजावयास जातो. खेड्यातला शिक्षक तालुक्याला, तालुक्याचा लिपिक जिल्ह्याला आणि जिल्ह्याच्या अधिकाऱ्याचे कुटुंब मुलांच्या शिक्षणासाठी पुण्याला. भातकुलीत तर कचेरीनेच हा नियम पाळला.

याला आळस किंवा बेशिस्त म्हणून मोकळे होता येणार नाही. वर दिलेले घरभाड्याचे कोष्टक पुन्हा पाहावे. भातकुलीत नेमणूक असलेल्याला त्या सूत्राने दहा टक्के भत्ता मिळतो आणि तो अमरावतीस वीस टक्क्यांच्या शहरात भाडे भरतो. वर रोजच्या सोळा किलोमीटरांच्या जाण्या-येण्याचे पेट्रोल. ही तूट तो दरमहा स्वखुशीने सोसतो. पै-पैचा हिशेब ठेवणारा कारकून जेव्हा वर्षानुवर्षे अशी तूट सोसतो, तेव्हा त्याचा अर्थ समजून घेतला पाहिजे. अमरावतीत असलेल्या आणि भातकुलीत नसलेल्या गोष्टींची, म्हणजे मुलांची शाळा, रात्री उघडा असणारा दवाखाना, पिण्याजोगे पाणी यांची, त्याने ठरविलेली ती किंमत आहे. शासनाने मुख्यालयी राहत असल्याबद्दल ग्रामसभेचा ठराव मागितला, शिक्षक संघटनांनी त्यावर हरकत घेतली आणि वाद कागदावरच फिरत राहिला. ठरावाने माणूस गावात राहिल्याचे सिद्ध होईल. तो राहू शकेल अशी व्यवस्था मात्र ठरावाने होत नाही.

पाण्याचा उल्लेख येथे सहज केलेला नाही. भातकुली हे पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात मोडते. अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांतील सुमारे नऊशे गावे या पट्ट्यात येतात. येथे जमिनीखाली पाणी आहे, पण ते खारे. विहीर खणावी तर पिकाला चालत नाही, माणसाला सोसत नाही. त्यामुळे बागायत नाही, शेतकऱ्याची भिस्त पावसावर. पिण्याचे पाणी दूरच्या धरणावरून नळयोजनेने आणावे लागते. ज्या गावातील जमीन वर्षातून एकच पीक देते, तेथील तरुण उरलेले महिने कोठे जाणार? तो अमरावतीस ऑटो चालवितो, बांधकामावर जातो, जमल्यास पुणे गाठतो. जैनांचे तीर्थक्षेत्र म्हणून भातकुलीस दूरदूरचे भाविक येतात. दर्शन घेऊन तेही सायंकाळी अमरावतीस मुक्कामाला जातात. गावाला नगरपंचायतीचा दर्जा मिळाला, पण दर्जा मिळाल्याने मुक्काम मिळत नाही.

आणि शिक्षक गावात राहत नाही, तेव्हा शाळेचे काय होते, हेही पाहावे. शिक्षकाचे स्वतःचे मूल ज्या शाळेत नाही, त्या शाळेचे गळके छप्पर त्याच्या रात्रीच्या झोपेत येत नाही. तो कर्तव्यात कसूर करतो असे म्हणणे अन्यायाचे होईल, पुष्कळ शिक्षक मनापासून शिकवितात. परंतु साडेपाचला जो निघून जातो, तो त्या गावचा मतदार नसतो, नळाच्या रांगेत नसतो, तक्रार करणाऱ्यांत नसतो. आपली गाऱ्हाणी नेटकेपणाने कागदावर मांडू शकणारी माणसे गावातून अशी रोज सायंकाळी उठून जातात. त्यामुळे गावाचे गाऱ्हाणे तेवढ्या नेटाने वर पोचत नाही, सुधारणा होत नाही आणि सुधारणा नाही म्हणून माणसे राहत नाहीत. हे दुष्टचक्र भातकुलीचे आहे तसेच ते अमरावतीचेही आहे. फरक इतकाच की, अमरावतीची सुशिक्षित माणसे सायंकाळी जात नाहीत, ती पदवी हातात पडल्यावर जातात.

परतणाऱ्यांकडून अपेक्षा

महानगरातून परतणाऱ्यांकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. ते केवळ स्वस्त घर शोधत आले, तर शहराचे भले होण्याऐवजी नुकसानच होण्याचा संभव आहे. पुण्याच्या पगारावर अमरावतीत भूखंड घेणारा ग्राहक आला की, लेआउटचे भाव चढतात, शहराबाहेरच्या काळ्या कसदार जमिनीवर कापसाऐवजी सिमेंटचे खांब उभे राहतात आणि येथल्याच पगारावर जगणारा शिक्षक स्वतःच्या शहरात भाडेकरू ठरतो. अशा परतीने अमरावती मोठी होईल, पण राहण्याजोगी होणार नाही.

परतीचा दुसरा प्रकार या मातीने पाहिलेला आहे. पापळसारख्या खेड्यातून निघालेले पंजाबराव देशमुख एडिंबरो व ऑक्सफर्ड येथे शिकून आले. त्यांनी अमरावतीस वकिली सुरू केली आणि १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था उभारली. कुणब्यांच्या, बलुतेदारांच्या घरातील किती मुले त्यामुळे पाटीपासून पदवीपर्यंत गेली, ते वऱ्हाडला सांगावयास नको. वैद्यकी करणारे डॉ. शिवाजीराव पटवर्धन अमरावतीस स्थिरावले आणि १९४६ साली त्यांनी कुष्ठरुग्णांसाठी तपोवन वसविले. ही माणसे अमरावतीस राहिली म्हणून लहान झाली नाहीत, अमरावती त्यांच्यामुळे थोडी मोठी झाली.

तथापि, असल्या थोर उदाहरणांवर धोरण रचता येत नाही, हेही स्पष्ट म्हटले पाहिजे. सामान्य लिपिकाकडून किंवा संगणक अभियंत्याकडून त्यागाची अपेक्षा ठेवणारी व्यवस्था आपली जबाबदारी टाळीत असते. त्याच्याकडून मागावयाचे ते इतकेच की, तो जेथे राहतो तेथील नागरिक व्हावा. मतदार यादीत नाव नोंदवावे, प्रभागातील नळ आणि नाली यांविषयी लेखी विचारणा करावी, ग्रंथालयाचे सभासदत्व घ्यावे, जवळच्या महाविद्यालयात महिन्यातून एक तास आपल्या कामाविषयी मुलांशी बोलावे. महानगरात जी हक्काची जाणीव त्याला आली, ती येथे वापरावी.

शासनाकडून मागावयाचे मात्र अधिक आहे. महामार्ग आणि विमानतळ यांनी जाणाऱ्याची सोय होते, राहणाऱ्याची सोय पाणी, दवाखाना आणि शाळा यांनी होते. ऊर्ध्व वर्धेचे पाणी आधी कोणाचे, शेतीचे, शहराचे की कारखान्याचे, याचा निकाल उघडपणे लागला पाहिजे. वैद्यकीय महाविद्यालयातील अध्यापकांच्या जागा भरल्या गेल्या पाहिजेत, म्हणजे नागपूरची चिठ्ठी विरळ होईल. तालुक्याच्या गावी कर्मचाऱ्यांसाठी राहण्याजोगी निवासस्थाने बांधावीत आणि मुख्यालयी खरोखर राहणाऱ्याला, भत्ता कापण्याची धमकी देण्याऐवजी, अधिक भत्ता द्यावा. वस्त्रोद्योग उद्यान झाल्यास त्यातील कुशल कामे स्थानिक तंत्रनिकेतनांतील मुलामुलींना मिळतील अशी तजवीज आजच करावी. १९५३ च्या नागपूर करारापासून १९८४ च्या दांडेकर समितीपर्यंत आणि नंतरच्या वैधानिक मंडळांपर्यंत अनुशेषाचे आकडे वऱ्हाडने पुष्कळ ऐकले. २०२० साली त्या मंडळांची मुदतही संपली. आता अनुशेष मोजण्याचे साधे माप घ्यावे. भातकुलीत नेमलेले किती कर्मचारी आपणहून भातकुलीत राहतात, ते दरवर्षी मोजावे. ही संख्या वाढली तर विकास झाला असे समजावे.

पुण्याहून अमरावतीस परतावे काय, या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच प्रत्येक कुटुंबाने आपल्या वहीत पाहावे. उत्पन्न स्थिर असेल, पत्नीच्या कामाची सोय आधी लागली असेल आणि आईवडिलांना गरज असेल तर अवश्य यावे, भीड बाळगू नये. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी नसतील तर केवळ हळवेपणाने येऊ नये, दोन वर्षांनी परत जाणे अधिक कष्टाचे असते. परंतु जो येईल, त्याने हे विसरू नये की, ज्या कारणांनी तो एके काळी अमरावती सोडून गेला होता, त्याच कारणांनी भातकुलीचा मुलगा आज अमरावतीच्या बसथांब्यावर उभा आहे. आपल्या परतीने त्या मुलाच्या गावात काय सुधारले, हा प्रश्न परतणाऱ्याने स्वतःस विचारला पाहिजे आणि वऱ्हाडच्या लोकप्रतिनिधींना तर तो दर पाच वर्षांनी विचारला गेलाच पाहिजे.